सुप्याचा बाजार आणि मुंबईचा सट्टा

पुण्याच्या मंडईत भाजी घ्यायला जाणाऱ्या माणसाला इतिहासाची आठवण होण्याचे काही कारण नाही. पिशवी, सुटे पैसे आणि घरून सांगितलेली यादी एवढे ध्यानात ठेवले म्हणजे त्याचे काम भागते. तथापि या इमारतीच्या नावात एक गमतीची, आणि थोडा विचार केला तर गंभीर वाटणारी, गोष्ट दडलेली आहे. १८८५-८६ मध्ये ही इमारत उभी राहिली तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले आणि पन्नासएक वर्षे ती 'रे मार्केट' म्हणूनच ओळखली गेली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिचे नामकरण 'महात्मा फुले मंडई' असे झाले. गंमत अशी की, ज्या जोतीरावांचे नाव आज तिच्यावर आहे, त्याच जोतीरावांनी नगरपालिकेचे सभासद असताना या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. शिक्षणाला पैसा पुरत नाही असे एका तोंडाने सांगावयाचे आणि बाजाराच्या इमारतीवर लाखो रुपये खर्चावयाचे, हे त्यांना मान्य नव्हते.

तो विरोध बरोबर होता की चूक होता, हा वाद आज उकरून काढण्यात अर्थ नाही. मंडई पुण्याचे भूषण झाली आहे, आणि तिच्या कट्ट्यावर चालणाऱ्या 'मंडई विद्यापीठा'ने कित्येक वक्ते घडविले व कित्येक वक्त्यांना घरी बसविले, हे आपण जाणतोच. परंतु जोतीरावांच्या विरोधामागचा जो मूळ प्रश्न आहे तो मात्र इमारतीबरोबर जुना झालेला नाही. सर्वांच्या खिशातून गोळा झालेला सार्वजनिक पैसा आणि सर्वांच्या नावाने चालणारा कायदा हे अडचणीच्या वेळी नेमके कोणाच्या मदतीला धावतात, हा तो प्रश्न. आज त्याचाच इतिहास आपल्यापुढे ठेवावयाचा आहे, आणि त्यासाठी पुणे जिल्ह्याबाहेर फार दूर जावे लागणार नाही.

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ते वर्ष १८७५. सुशिक्षित पुणेकर व्याख्याने ऐकण्यासाठी जमू लागले होते, त्याच वर्षी पुण्याच्या पूर्वेस काही कोसांवर, भीमथडी तालुक्यातील सुपे या गावी, वेगळ्याच प्रकारची सभा भरली. १२ मे १८७५ हा सुप्याच्या बाजाराचा दिवस होता. सुपे हे सावकारी पेढ्यांचे आणि घाऊक व्यापाराचे मोठे ठाणे. आसपासच्या खेड्यांतील कुणबी बाजाराला जमले, आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला चढविला. दुकाने लुटली गेली, काही घरे पेटली; पण लोकांचा खरा रोख धान्यावर किंवा कापडावर नव्हता. त्यांना हवे होते कागद. कर्जरोखे, गहाणखते, हुकूमनामे आणि हिशेबाच्या वह्या बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली.

पाहता पाहता हे लोण पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले. सरकारने पोलीस आणि लष्कर धाडले. साडेनऊशेच्या आसपास माणसे पकडली गेली आणि त्यांतील निम्म्याहून काही अधिक लोकांना शिक्षा झाल्या. या दंग्याची एक खूण मात्र चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्याही डोळ्यांत भरली. जेथे सावकाराने निमूटपणे कागद काढून दिले तेथे बहुधा त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार फारच थोडे घडले. हा आंधळा संताप असता तर इतका हिशेबी राहिला नसता. कुणब्याला लिहितावाचता येत नसेल, परंतु आपली जमीन आपल्या पायांखालून कशाच्या जोरावर सरकत आहे, हे त्याला पक्के कळले होते.

या उद्रेकाची नांदी काही महिने आधीच झाली होती. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे या गावी एका सावकाराने हुकूमनामा मिळवून तेथल्या देशमुखाच्या घरावर नांगर फिरविला. तेव्हा सारे गाव एक झाले. सावकाराचे शेत कोणी करीना, त्याचे पाणी कोणी भरीना, न्हावी त्याची हजामत करीना. हा बहिष्कार शेजारच्या गावांतही पसरला. म्हणजे आधी असहकार आणि तो पुरेसा पडत नाही असे दिसल्यावर कागदांची होळी, असा हा क्रम आहे. पुढच्या काळातील चळवळींचा अभ्यास करणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आता सुप्याचा बाजार तसाच ठेवून आपण दहा वर्षे मागे, मुंबईस जाऊ. कारण ज्या वाऱ्याने सुप्याची आग भडकली, तो वारा आधी मुंबईत सुटला होता.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. चार वर्षांत मुंबईत पैशाचा असा पूर आला की, तो ठेवावा कोठे हेच कोणाला कळेना. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या, नव्या बँका, पतपेढ्या भराभर निघाल्या आणि त्यांच्या शेअरांचा सट्टा सुरू झाला. बॅक बे कंपनीचा शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकला जाऊ लागला. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द म्हणजे बाजाराचा कायदा, अशी स्थिती होती. १८४० साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेत खुद्द सरकार भागीदार होते आणि तिच्या संचालक मंडळावर सरकारने नेमलेले गृहस्थ बसत. ही बँकसुद्धा शेअरांच्या तारणावर, आणि कित्येकदा नुसत्या नावावर, कर्जे वाटू लागली.

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपल्याची वार्ता आली आणि कापसाचा भाव कोसळला. वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस १ जुलै १८६५ हा होता. त्या दिवशी मुंबईत घेणारा आणि देणारा दोघेही बुडाल्याचे उघडकीस आले. कालचे लक्षाधीश दिवाळखोर ठरले. बँक ऑफ बॉम्बेचे सुमारे दोन कोटींचे भांडवल बहुतेक सर्व खलास झाले, आणि १८६८ मध्ये ती मोडून त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली. या अपघाताच्या चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. मुंबईचे व्यापारी बुडाले त्याच वर्षी, म्हणजे १८६५ सालीच, त्यांच्यासाठी एक खास कायदा झाला. तो त्या वर्षाचा २८ वा कायदा. बुडालेल्या माणसाने आपली मालमत्ता विश्वस्तांच्या हवाली करावी, धनकोंशी तडजोड करावी आणि त्या व्यवहारातून मोकळे व्हावे, अशी सोय त्यात होती. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांच्या मिळकतींचा निकाल याच मार्गाने लागला. यात काही गैर झाले असे मला म्हणावयाचे नाही. सारे शहर एकमेकांच्या कर्जात गुंतलेले असता प्रत्येकाने प्रत्येकाच्या मागे जप्ती लावली असती, तर कोणाच्याच हाती काही लागले नसते. कायदा शहाणपणाचा होता. प्रश्न एवढाच की, हे शहाणपण सुप्याच्या कुणब्यासाठी सुचावयास आणखी चौदा वर्षे का लागली?

त्या चौदा वर्षांत कुणब्याचे काय झाले ते पाहू. पुणे-नगर हा काही कापसाचा मोठा मुलूख नव्हे. तथापि तेजीच्या दिवसांत धान्याचेही भाव चढले. बोरघाटाच्या रेल्वेच्या कामावर रोख मजुरी मिळाली. आणि शेतकऱ्याची पत वाढली असे समजून सावकाराने हात सैल सोडला. भाव उतरताच हाच सैल हात आवळला गेला. इकडे सरकारची तीस वर्षांची पहिली जमाबंदी संपत आली होती. इंदापूर तालुक्यापासून १८६७ साली फेरआकारणी सुरू झाली आणि ती तेजीच्या भावांकडे पाहून झाली. सारा दीडपट किंवा त्याहूनही अधिक वाढल्याची उदाहरणे जिल्ह्यात पुष्कळ होती. भाव उतरले, पण सारा चढला. सारा रोखीने भरावयाचा आणि तोही ठरलेल्या हप्त्याला; पीक आले न आले हा प्रश्नच नाही. मग हप्ता भरण्यासाठी सावकाराकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सावकार हा सगळ्या कथेतला एकटा खलपुरुष ठरविणे सोपे आहे, आणि त्या काळी तसे ठरविलेही गेले. परंतु मामलेदाराची वसुली वेळेवर होत होती ती सावकाराच्याच थैलीतून, हे विसरता येत नाही. सरकार आणि कुणबी यांच्यामध्ये तो उभा होता, आणि सरकारला तो तेथे हवाच होता. पूर्वीही गावात सावकार होताच. पण पूर्वी वसुलीसाठी त्याला गावाच्या मुर्वतीने वागावे लागे. नव्या राज्यात त्याच्या पाठीशी दिवाणी कोर्ट उभे राहिले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला अवघी तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू असा की, जुनाट दाव्यांचा छळ ऋणकोला होऊ नये. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेण्याची चाल पडली, आणि व्याजावर व्याज चढत गेले. कोर्टापुढे अंगठा उठविलेला कागद आला की मुनसफ त्याच्या मागे जाऊन पाहत नसे. बहुतेक दावे एकतर्फी निकालात निघत. कुणबी कोर्टात जाईच ना, आणि गेला तरी काय बोलणार?

दंग्यानंतर सरकारने जो आयोग नेमला, त्याने काही खेड्यांची पाहणी करून जे आकडे दिले ते आजही बोलके वाटतात. सुमारे एकतृतीयांश खातेदार कर्जात रुतलेले होते. त्यांचे कर्ज सरासरीने त्यांच्या वार्षिक साऱ्याच्या अठरापट होते. आणि त्या कर्जापैकी सुमारे दोनतृतीयांश रकमेला जमीन गहाण होती.

या रोगाचे निदान करणारे तीन वैद्य त्या वेळी होते, आणि तिघांची निदाने तीन होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दंग्याच्या आधीच, १८७३ च्या सुमारास, रयतेच्या स्थितीची चौकशी करून सांगितले की, दोष वाढत्या साऱ्याचा आहे. सरकारी आयोगाने साऱ्याचा भार अगदीच नाकारला नाही, पण बोट मुख्यतः सावकारावर आणि कोर्टाच्या पद्धतीवर ठेवले. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये पुरा केला; त्यात सरकारी अंमलदार, कचेरीतील भटकामगार आणि सावकार या तिघांनाही एकाच असुडाचे फटके आहेत, आणि मुळाशी शेतकऱ्याचे अज्ञान आहे. तिघांच्याही निदानात तथ्य होते. परंतु औषध देण्याचा अधिकार एकाच वैद्याकडे होता आणि त्याला स्वतःच्या अंगचा रोग पाहावयाचा नव्हता.

त्यातही घाई झाली नाही. दंगा १८७५ मध्ये झाला. आयोगाचा अहवाल पुढच्या वर्षी आला. आणि त्यावर विचार चालू असतानाच १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ दख्खनवर कोसळला. सरकारने दुष्काळी कामे काढली. तेथे भारत सरकारने पाठविलेले सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचा हिशेब दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे असा बसविला. खडी फोडणाऱ्या माणसाला तेवढे पुरेल की नाही, हा वादाचा विषय झाला. मजुरांनी आपले उत्तर कामावरून उठून जाऊन दिले, आणि सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी मांडली. उपाशी माणसांनी मदतीच्या कामावर टाकलेला हा बहिष्कार आपल्या इतिहासात पुरेसा सांगितला गेलेला नाही. पुढे १८७९ च्या आरंभी वासुदेव बळवंत फडके यांनी बंडाचे निशाण उभारले. आणि त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १८७९ पासून, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत 'दख्खन शेतकरी दिलासा कायदा' अमलात आला.

या कायद्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण त्याच्या काळात तो धाडसाचाच होता. कागदावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता मूळ कर्ज किती, व्याज किती आणि हातात खरोखर किती पडले, हे कोर्टाने तपासावे असे त्याने सांगितले. शेतकऱ्याला कर्जासाठी कैदेत टाकणे बंद झाले. खास गहाण टाकलेली नसेल तर जमीन लिलावात काढता येईना. हप्ते बांधून देण्याची, तडजोड करणारे पंच नेमण्याची, खते गावच्या निबंधकापुढे लिहिण्याची व्यवस्था झाली. थोडक्यात, सुप्याच्या लोकांनी जे कागद आगीत टाकले होते, ते कागद आता कोर्टाने उलटून पाहावयाचे ठरले. या कायद्याखालील कामावर पुढे स्वतः रानडे यांनी न्यायाधीश म्हणून काही वर्षे काढली.

पण या दिलाशाचा खर्च कोणी सोसला? सर्वस्वी सावकाराने. सरकारने आपल्या साऱ्यातली एक पैही त्या कायद्यात सोडली नाही. आणि सावकाराने काय केले? त्याने आपला हात आखडता घेतला, किंवा गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेण्यास सुरुवात केली. कर्ज तर लागणारच, कारण हप्ता भरावयाचाच होता. जुन्या सावकाराचे दार अर्धे लोटले गेले आणि दुसरे दार उघडले नाही.

ते दुसरे दार उघडण्याचा एक प्रयत्न पुण्यातूनच झाला होता, आणि तो मला या साऱ्या कथेतील सर्वांत हृदयाला चटका लावणारा भाग वाटतो. १८८२-८३ च्या सुमारास सर विल्यम वेडरबर्न, न्यायमूर्ती रानडे आणि पुण्यातील काही भांडवलवाल्या मंडळींनी मिळून शेतकी बँकेची योजना तयार केली. प्रयोग एका पुरंदर तालुक्यापुरता करावयाचा. शेतकऱ्यांची जुनी कर्जे तडजोडीने कमी करून सरकारी रकमेतून एकदाच फेडून टाकावयाची, आणि पुढे माफक व्याजाने बँकेने कर्ज द्यावयाचे. लॉर्ड रिपन यांच्या सरकारने योजनेला अनुकूलता दाखविली. पण लंडनला भारतमंत्र्यांच्या कचेरीत ती अडली आणि तेथेच संपली.

यावर कोणी म्हणेल की, खाजगी धंद्यातील जोखीम सरकारने आपल्या अंगावर का घ्यावी? प्रश्न रास्त आहे. मग दुसरा प्रश्नही विचारला पाहिजे. भीमथडी तालुक्यातून जी आगगाडी सोलापुरास जाई, ती जी.आय.पी. रेल्वे कंपनीची होती. त्या कंपनीच्या भागीदारांना भांडवलावर दरसाल शेकडा ५ व्याज मिळेल, अशी हमी कराराने दिलेली होती. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून निघे. आणि त्या तिजोरीत मोठा भरणा होता तो शेतसाऱ्याचा. म्हणजे इंग्लंडात बसलेल्या भागीदाराच्या व्याजाला हमी होती, आणि तिला जामीन होता भीमथडीचा कुणबी. त्या कुणब्याच्या स्वतःच्या पिकाला मात्र हमी नव्हती. धंद्यातील जोखीम सरकारने घेऊ नये हे तत्त्व असेल, तर ते आगगाडीच्या डब्यात चढलेच नाही.

इतके सांगितल्यावर या इतिहासातून मला जे दिसते ते सरळ शब्दांत मांडतो. ज्याचे बुडणे इतरांना महाग पडते, त्याला दिलासा फारसा मागावा लागत नाही. ज्याचे बुडणे स्वस्त असते, त्याला ते आधी महाग करून दाखवावे लागते. मुंबईचा व्यापारी बुडाला तर बँक बुडे, बँकेबरोबर सरकारचे भांडवल बुडे, बंदरातील व्यापार थांबे. म्हणून त्याच वर्षी कायदा झाला. सुप्याचा कुणबी बुडाला तर त्याची जमीन सावकाराच्या नावे चढे, सारा येतच राही आणि सरकारी वहीत काहीच बदलत नसे. त्याचे बुडणे सरकारी हिशेबात दिसावे म्हणून त्याला होळी पेटवावी लागली. करड्याचा बहिष्कार, सुप्याची आग, दुष्काळी मजुरांचा संप हे सर्व, या दृष्टीने पाहिले तर, हिशेबात आपले नाव घालून घेण्याचे प्रयत्न होते. दंग्याचे मी समर्थन करीत नाही. त्यात ज्यांची घरे जळली तीही माणसेच होती, आणि बाहेरून आलेला मारवाडी व गुजर सावकार जितका सापडला तितका गावचा ब्राह्मण सावकार सापडला नाही, हेही खरे आहे. परंतु अर्ज वाचले जात नाहीत आणि आग मात्र दिसते, असा अनुभव जे राज्य प्रजेला देते, ते राज्यच आगीचे शिक्षण देत असते.

हे सारे परक्या राज्यात झाले, आता आपले राज्य आहे, असे समाधान आपण करून घेऊ शकतो. काही अंशी ते खरेही आहे. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्यांचा पाया घातला गेला, आणि स्वातंत्र्यानंतर सहकाराने महाराष्ट्राच्या खेड्यांत खूप काही केले. तरी जुना प्रश्न नव्या वेषात येतच राहिला. २००८ साली अमेरिकेत मोठमोठ्या पेढ्या कोसळल्या तेव्हा तेथील विधिमंडळाने ७०० अब्ज डॉलरांपर्यंतच्या मदतीला अवघ्या काही आठवड्यांत मंजुरी दिली. ज्यांची घरे कर्जापायी गेली ते लोक वाट पाहत राहिले, आणि २०११ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पेढ्यांच्या वस्तीत तरुणांनी ठाण मांडले. आमचे नव्व्याण्णव टक्के आणि तुमचा एक टक्का, अशी त्यांची भाषा होती. सुप्याच्या बाजारकऱ्याला ती समजावून सांगावी लागली नसती.

आपल्याकडेही पाहा. १ जून २०१७ रोजी त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. शहरांकडे येणारे दूध आणि भाजीपाला अडला. आपली मंडई आता किरकोळ विक्रीची, घाऊक व्यापार गुलटेकडीला गेलेला. तरी त्या दिवसांत भाजीचे भाव विचारताना पुणेकरांना संप समजला. त्याच महिन्यात राज्य सरकारने सुमारे ३४,००० कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. कर्जमाफीने कर्ज फेडण्याची शिस्त बिघडते, असे त्या वेळी पुष्कळ जाणकारांनी बजावले. त्यानंतर चार महिन्यांनी, २०१७ च्या ऑक्टोबरात, बुडीत कर्जांनी पोखरलेल्या सरकारी बँकांना सावरण्यासाठी केंद्र सरकारने २ लाख ११ हजार कोटी रुपयांचे भांडवल उभारण्याची योजना जाहीर केली. ती बुडीत कर्जे मुख्यतः मोठ्या उद्योगांची होती. तेव्हा शिस्तीचा उपदेश तितक्या मोठ्याने ऐकू आला नाही.

या दोन आकड्यांची सरळ तुलना करणे हिशेबाला धरून होणार नाही, हे मी कबूल करतो. एक खर्च राज्याचा, दुसरे भांडवल केंद्राचे; आणि बँका सावरल्या म्हणजे त्यांत तुमच्या-आमच्या ठेवीही सावरतात. पण पद्धतीतील फरक पाहण्यासारखा आहे. शेतकऱ्याला नवराबायकोची माहिती देऊन, अर्ज भरून, पात्रतेच्या अटींतून जावे लागले. दुसरे उदाहरण ठेवीदारांचेच घ्या. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले; स्टेट बँकेने आणि इतर बँकांनी मिळून सुमारे १०,००० कोटी घातले आणि दोन आठवड्यांच्या आत निर्बंध उठले. पुण्यात १९१२ साली स्थापन झालेल्या रुपी सहकारी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले. तिच्या पुष्कळ ठेवीदारांच्या हाती ठेवविम्याचे ५ लाखांपर्यंतचे पैसे पडेपर्यंत २०२२ साल उजाडले, आणि त्याच वर्षी बँकेचा परवानाही रद्द झाला. एकीकडे तेरा दिवस आणि दुसरीकडे नऊ वर्षे. एका बँकेच्या बुडण्याने सारा बाजार हादरला असता. दुसरीच्या बुडण्याने सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेतील निवृत्त माणसे तेवढी हादरली. मघाशी सांगितलेला नियम आजही असा चालतो, आणि तो केवळ खेड्यापुरता नाही.

जोतीरावांचा एक प्रसंग सांगून हे विवेचन पुरे करतो. १८८८ च्या मार्चमध्ये राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यास असताना जोतीरावांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी त्यांना मेजवानी दिली. पाहुणे जरतारी पागोट्यांत आणि हिरेमाणकांत आले होते. जोतीराव शेतकऱ्याच्या साध्या, जाड्याभरड्या पोशाखात आले. त्यांनी उठून राजपुत्राला सांगितले की, या दागिन्यांवरून हिंदुस्थानची पारख करू नका. देश खरोखर राहतो तो खेड्यांत, आणि तेथील माणसांना शिक्षण द्या हे आपल्या मातोश्रींना कळवा. ती पंगत काही मोडली नाही, आणि दुसऱ्या दिवशी साराही कमी झाला नाही. पण हिशेबाबाहेर ठेवलेल्या माणसाचे नाव त्या रात्री हिशेबात घेतले गेले, आणि त्यासाठी कोणाचे घर पेटवावे लागले नाही.

मंडईच्या खर्चाला जोतीरावांनी केलेला विरोधही त्याच जातीचा होता. तो मतदानात टिकला नाही आणि इमारत उभी राहिली. तरी पैसा खर्च होण्याच्या आधी, सभेत, उभे राहून त्यांनी विचारले की, हा कोणाचा पैसा आणि कोणासाठी? सुप्यातल्या माणसांना असे विचारावयास जागाच नव्हती, म्हणून त्यांनी बाजार गाठला. आपल्याला जागा आहे. नगरपालिकेच्या जागी महानगरपालिका आली, तिचे अंदाजपत्रक दरवर्षी मांडले जाते; राज्याचे आणि केंद्राचेही मांडले जाते. बँका सावरण्याचे निर्णय वर्तमानपत्रांत छापून येतात. हे सारे वाचून वेळेवर प्रश्न विचारणे हे कंटाळवाणे काम आहे, आणि त्यासाठी कोणी पुतळा उभारीत नाही. पण हा प्रश्न जेव्हा शहरातले शहाणे लोक सभेत विचारीत नाहीत, तेव्हा तो कधी ना कधी खेड्यातले लोक बाजारात विचारतात, हे १८७५ साली पुण्यापासून काही कोसांवर सिद्ध होऊन गेले आहे.